एका पानाचं विद्यापीठ

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी नाव आठवलं ते शेषराव पांचाळ यांचं. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्यातलं सगळ्यात जास्त देणं मी त्यांचं लागतो. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जे एकच कॉलेज होतं, तिथे ते हेडक्लार्क होते. सगळे त्यांना पांचाळ बाबू म्हणत.

माझे वडील सायकली दुरुस्त करत. आई शिवणकाम करायची. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. पुढे इंग्लंडच्या एका विद्यापीठाने माझ्याकडे ट्रान्स्क्रिप्ट मागितलं, तेव्हा हा शब्द आमच्या प्राचार्यांनाही नवा होता.

"मार्कशीट दिली ना तुला? आता आणखी काय द्यायचं?" ते म्हणाले.

पांचाळ बाबू बाजूला उभे होते. म्हणाले, "साहेब, मागतात तर देऊ. काय असतं ते मी शोधतो."

त्यांनी शोधलं. जुन्या अभ्यासक्रमांचे गठ्ठे काढले. तीन वर्षांत कोणते विषय होते, किती तास झाले, कोणते प्रयोग झाले, कोणता पेपर कधी पास झालो, सगळं इंग्रजीत टाइप केलं. तीन दिवस गेले त्यात. मग कागद पाकिटात घालून पाकिटाच्या तोंडावर आडवी सही केली, सहीवर शिक्का मारला.

"उघडू नको," ते म्हणाले. "बंद आहे तोवर हा माझा शब्द आहे. उघडलंस की तुझा होईल, आणि तुझ्या शब्दाला तिकडे कोण विचारणार?"

ते पाकीट मी न उघडता लीड्सला आणलं. एम.एस्सी. झाल्यावर त्याच विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसात तीन महिन्यांची टेंपररी नोकरी लागली. त्याला छत्तीस वर्षं झाली. येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय.

काम काय, असं इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात बरेच जण विचारतात. आयटीतल्या किंवा हॉस्पिटलातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, मला मात्र दरवेळी समजावून सांगावं लागतं. मी परदेशी पदव्या वाचतो. लागोसचा मुलगा, पुण्याची मुलगी, हनोईचा इंजिनिअर, हे सगळे एकाच कोर्सला अर्ज करतात. प्रत्येकाची मार्कशीट वेगळी. कुठे शंभरपैकी मार्क, कुठे दहापैकी पॉइंट, कुठे नुसती अक्षरं. आमच्या प्रोफेसरांना हे सगळं कळणं शक्य नाही. कोणत्या देशातली पदवी आपल्याकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, कागद खरा की खोटा, हे मी सांगायचं.

खोटे कागद ओळखायला फार हुशारी लागते असं लोकांना वाटतं. तसं नाही. खरी मार्कशीट थोडी वेडीवाकडी असते. शिक्का अर्धा उमटलेला, एखादी ओळ खाली घसरलेली, क्लार्कचं पेन मध्येच बदललेलं. खोटी मार्कशीट लग्नपत्रिकेसारखी देखणी असते. एकदा एका अर्जदाराचे वडील लंडनच्या ईलिंगहून फोन करून म्हणाले, "अहो, एवढा स्वच्छ कागद आणि तुम्ही संशय घेताय?" मी म्हटलं, "काका, स्वच्छ आहे म्हणूनच घेतोय." ते चिडले. आठवड्याने त्यांचाच पुन्हा फोन आला. आवाज खाली आला होता. एजंटने फसवलं होतं. मुलाला कागद कसा तयार झाला हे खरोखरच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने खऱ्या कागदावर अर्ज केला, गुण कमी होते, तरी त्याला प्रवेश मिळाला. दरवर्षी दिवाळीला त्या काकांचा मेसेज येतो.

पण माझ्या कामातला माझा स्वतःचा भाग म्हणजे पानं. ज्या परदेशी विद्यापीठातून अर्ज जास्त येतात, त्या प्रत्येकावर मी एक पान लिहून ठेवतो. एकच पान. विद्यापीठ किती मोठं, सरकारी की खासगी, गुण कसे देतात, काय चांगलं, कुठे सावध राहायचं. निवड करणारे प्रोफेसर अर्ज हातात घेण्याआधी ते पान वाचतात. माझी बॉस मॉरीन यॉर्कशरची आहे, सगळ्यांना 'लव्ह' म्हणते. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी सांगते, "शंका आली तर विलासचं पान काढ, लव्ह. तिथे नसेल तर विलासला विचार. त्यालाही माहीत नसेल तर चहा पी." माझी अशी बरीच पानं झाली आहेत. त्यांच्यावर माझं नाव नसतं. पण आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत असतं.

त्यातलं एक पान स्वीडनमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाचं. ते लिहिताना मला मजा आली होती, कारण तिथलं सगळंच आमच्या कॉलेजच्या उलटं. हजारो विद्यार्थी, शहरभर पसरलेल्या इमारती, आणि तिथल्या मुलांना फी नाही. विद्यार्थी प्रोफेसरांना नावाने हाक मारतात. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असलं तरी तास सव्वादहाला सुरू होतो. ती जुनी पद्धत आहे, आळस नव्हे. चार विषय एकदम शिकवत नाहीत, काही आठवडे एकच विषय घेतात, परीक्षा देतात, मग दुसरा. पहिला नंबर, दुसरा नंबर असलं काही नाही. डॉक्टरेटचा प्रबंध तयार झाला की तोंडी परीक्षेच्या काही आठवडे आधी तो खिळ्याने सार्वजनिक फळ्यावर ठोकतात. ज्याला शंका असेल त्याने वाचावा आणि सगळ्यांसमोर विचारावं.

हे सगळं मी चांगलं लिहिलं होतं. शेवटी सावधगिरीची एक ओळ घातली होती: विषय पास झाल्याच्या तारखा पाहाव्यात, तारखा लांबलेल्या असतील तर विद्यार्थ्याने विषय पुन्हा पुन्हा दिलेले असण्याची शक्यता आहे.

ही ओळ मला कुणी सांगितली नव्हती. कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हती. आपल्यापैकी प्रत्येकाला कळेल ती कुठून आली. एटीकेटी. विषय राहिला की पुढच्या वर्षात ढकलतात आणि मार्कशीटवर तो कायमचा दिसतो. लग्नाच्या बोलणीतसुद्धा निघतो. आपल्याकडचा माणूस मार्कशीट हातात आली की मार्कांच्या आधी 'अटेम्प्ट' शोधतो. ती सवय मी पांढऱ्या कागदावर नियम म्हणून उतरवली होती.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याच विद्यापीठातून सिग्ने नावाच्या मुलीचा अर्ज आला. मुलगी म्हटलं, पण वय तेहतीस. सार्वजनिक आरोग्याच्या एम.एस्सी.साठी. तीन वर्षांची पदवी तिने सात वर्षांत घेतली होती. तारखा इकडे तिकडे विखुरलेल्या. निवड कमिटीच्या अध्यक्ष प्रोफेसरांनी अर्जावर माझ्यासाठी चिठ्ठी लावली: 'तुझ्या पानाप्रमाणे हे पुन्हा पुन्हा नापास झाल्यासारखं दिसतं. खात्री करशील? शुक्रवारी निकाल द्यायचे आहेत.'

मी त्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रीला ईमेल केला. तुमच्या विद्यापीठाची माहिती आमच्याकडे मीच लिहितो, असं आधी स्वतःबद्दल सांगितलं, आणि मग सरळ विचारलं, ही विद्यार्थिनी किती वेळा नापास झाली? तिची एकूण कुवत कमी आहे असं समजावं का? कुवत हा शब्द मी वापरला. खासगी पत्र आहे अशा समजुतीने वापरला.

रजिस्ट्रीतल्या गुनिल्लाबाईंचं त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. माहिती शोधून कळवते. शिवाय, आम्ही सरकारी खातं असल्यामुळे तुमचा ईमेल आणि माझं उत्तर नोंदवहीत गेलं आहे. तो मजकूर मी नेहमीचा सरकारी मजकूर समजून वाचला आणि विसरलो.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"विलास? मी सिग्ने. तुझा ईमेल वाचला मी."

मराठीत सांगायचं तर ती मला अरे-तुरेच करत होती. त्यात उद्धटपणा नव्हता, तिच्याकडे तसंच बोलतात.

"कोणता ईमेल?" मी विचारलं.

"माझी कुवत कमी आहे का, तो."

मी खुर्चीत सरळ बसलो. "तो तुमच्याकडे कसा आला?"

"मागितला. तुमच्याकडून उत्तर येईना, म्हणून विद्यापीठाला विचारलं की माझ्याबद्दल इंग्लंडहून काही आलंय का. त्यांनी कॉपी पाठवली. सरकारी पत्रं कुणीही मागू शकतं इथे. माझी मावशीसुद्धा. तिनेही वाचलाय."

"मावशीने?"

"तिला राग आलाय. मला नाही आला. म्हणजे, काल आला होता." ती पुढे म्हणाली, "पण मला एक कळलं नाही. तुला माझ्याबद्दल विचारायचं होतं, तर मला का नाही विचारलंस? माझा नंबर अर्जावर आहे."

कागदाबद्दल ऑफिसला विचारायचं, माणसाला विचारायचं नाही, हेच मी चौतीस वर्षं केलं होतं.

"मग आता विचार," ती म्हणाली.

मी विचारलं. "किती वेळा नापास झालात?"

"एकदा. स्टॅटिस्टिक्समध्ये. कारण मला ते येत नव्हतं. दुसऱ्यांदा दिली तेव्हा येत होतं."

"आणि बाकीच्या तारखा?"

"बाकीचा वेळ मी काम करत होते. वृद्धांच्या एका होममध्ये, लांब उत्तरेकडे. एक टर्म शिकायचे, दोन टर्म काम करायचे. आमच्या घरात कोणी विद्यापीठात गेलेलं नाही, त्यामुळे घाई करा असं सांगणारंही कोणी नव्हतं. इथे हे चालतं. तुला माहीत असेल असं वाटलं. तू आमच्या विद्यापीठावर लिहितोस ना?"

शेवटचं वाक्य तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण मला तो लागला. फोन ठेवण्याआधी तिने सांगितलं की तिला तिच्या गावच्या एका जुन्या ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली आहे आणि ती याच वर्षापुरती आहे. यंदा प्रवेश झाला नाही तर पुन्हा नाही.

मी लगेच गुनिल्लाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिने सांगितलं ते खरं आहे. नापास झाल्याची नोंद आमच्याकडे असते, पण दाखल्यावर आम्ही ती छापत नाही."

"का नाही?"

"छापून कुणाला काय उपयोग? विषय आला की नाही, ते दाखल्यावर आहे." मग जरा अंदाज घेत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे छापतात?"

"मी ज्या गावातून आलो तिथे छापतात," मी म्हटलं.

संध्याकाळी घरी जेवताना सुनंदाला, माझ्या बायकोला, हे सगळं सांगितलं. ती हॉस्पिटलात नर्स आहे, दिवसभर लोकांचं ऐकून आलेली असते, त्यामुळे घरी तिची सहनशक्ती कमी.

"तारखा बघून तू माणूस ओळखतोस?" ती म्हणाली. "अरे, तुझा सेकंड इयरचा फिजिक्स राहिला होता ना?"

"तो वेगळा विषय आहे."

"कसा वेगळा? आपल्या लग्नाच्या बैठकीत तुझे वडील माझ्या बाबांना किती वेळा म्हणाले, 'एक पेपर राहिला होता, पण निघाला, निघाला.' बाबा म्हणाले, 'अहो, पोराचं बोला, पेपरचं काय घेऊन बसलात.' आणि तू इथे येऊन लोकांचे पेपर मोजत बसलास. वाढू का अजून भात?"

भात नको म्हटलं.

गुरुवारी मी पान नव्याने लिहिलं. तारखांची ओळ काढली. तिथे लिहिलं की या विद्यापीठात नोकरी करत, थांबून थांबून शिकणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि लांबलेल्या तारखांवरून काहीही निष्कर्ष काढू नये. एवढ्यावर भागलं असतं. सिग्नेच्या अर्जावर 'खात्री केली, हरकत नाही' असा शेरा मारून गप्प बसता आलं असतं. पण मॉरीनला मी सगळं सांगितलं, मावशीसकट. मावशीपर्यंत ती गंभीर होती. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"हसू नये मी," ती म्हणाली. "पण लव्ह, तू तुझं पत्र एका अख्ख्या देशाला पाठवलंस."

"मला उद्या कमिटीत बोलायचं आहे."

"शेरा मारला तरी चालेल."

"त्यांनी माझी ओळ आणखी कुणाला लावली असेल तर?"

त्यावर ती हसायची थांबली. "अकरा वाजता," ती म्हणाली. "टाय घालू नकोस, शिक्षा भोगायला आल्यासारखा दिसशील."

आमच्यासारखी ऑफिसातली माणसं कमिटीत कागद देतात आणि बाहेर जातात. बोलत नाहीत. त्या शुक्रवारी मी कागद दिले आणि उभा राहिलो. अध्यक्ष प्रोफेसर चष्म्यावरून बघत म्हणाले, "काही राहिलं का, विलास?"

मी सांगितलं. जुन्या पानावरची शेवटची ओळ चुकीची आहे. ती मी माहितीवरून लिहिली नव्हती, माझ्या सवयीवरून लिहिली होती. ही अर्जदार एकदा नापास झाली आहे, तेही तिने स्वतःहून सांगितलं. माझा स्वतःचाही एक विषय राहिला होता. तरीही याच ऑफिसने मला एकेकाळी घेतलं.

प्रोफेसरांनी नवं पान वाचलं. जुनं शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. "चार वर्षं आम्ही या ओळीवर चाललोय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी सिग्नेचा अर्ज उघडला आणि या वेळी तारखांऐवजी विषय वाचायला सुरुवात केली. त्या होममधल्या कामावर तिने लिहिलेलं निवेदन त्यांनी मोठ्याने वाचलं, त्यातला एक परिच्छेद दोनदा. दहा मिनिटांत तिला जागा मिळाली. मी जिन्यातूनच तिला फोन केला. ती स्वीडिशमध्ये काहीतरी ओरडली आणि मग म्हणाली, "थांब, मावशीला देते." मावशीला इंग्रजी बेताचंच येत होतं. ती एवढंच म्हणाली, "गुड. व्हेरी गुड. नेक्स्ट टाइम, टेलिफोन."

पुढच्या वसंतात मला आठवडाभरासाठी त्या विद्यापीठात पाठवलं. पानं लिहिणाऱ्याने निदान एक विद्यापीठ डोळ्यांनी बघावं, असं मॉरीनचं म्हणणं. गुनिल्लाबाईंनी स्वतः फिरवलं. खिळे ठोकलेला फळा दाखवला. सकाळी दहाच्या तासाला मी सवयीने पाच मिनिटं आधी जाऊन बसलो आणि वीस मिनिटं एकटा बसून राहिलो. रजिस्ट्रीत माझा ईमेल बघता येईल का असं विचारलं, तर दोन मिनिटांत माझ्यासमोर कॉपी ठेवली. कशाला हवा, असं कोणी विचारलंही नाही. मी तो पुन्हा वाचला. माझ्या इंग्रजीत चूक नव्हती.

आता माझं ते पान इतर विद्यापीठांची ॲडमिशन ऑफिसं मागून नेतात. मँचेस्टरहून एक बाई मुद्दाम भेटायला आल्या होत्या. सिग्ने पहिल्या वर्गात पास झाली, स्टॅटिस्टिक्समध्ये सगळ्यात चांगले गुण घेऊन, आणि आपल्या उत्तरेत परत गेली. याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. सायकलवाल्याच्या मुलाने एका देशाचं विद्यापीठ दुसऱ्या देशाला समजावून सांगितलं, हे काही कमी नाही.

पण ती ओळ होती त्या चार वर्षांच्या फायली मी यंदा काढल्या. माझ्या ओळीमुळे नाकारलेले तीन अर्ज सापडले. मॉरीन म्हणाली, "त्यांना दुसरीकडे कुठेतरी मिळालं असेल. कशाला उकरतोस?" मी हट्ट धरला. शेवटी ऑफिसने परवानगी दिली: तिघांना पत्र लिहावं, पुन्हा अर्ज करायला बोलवावं, आणि पत्र माझ्या सहीने जावं. परवानगी मिळाली आणि मला ते पत्र लिहिता येईना. आठवडे गेले. शेवटी मी आधी दुसरंच पत्र लिहिलं. पांचाळ बाबू आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे नांदेडला असतात, त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. त्यांना पाठवलेलं पत्र असं:

आदरणीय पांचाळ बाबूंना,

सा. न. वि. वि.

तब्येत कशी आहे? सुनंदाने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होईन.

एक गोष्ट कळवायची आहे. तुम्ही दिलेलं पाकीट मी उघडलं नव्हतं, पण गेल्या महिन्यात माझी इथली जुनी फाईल टाकून देण्याआधी मला दाखवली, तेव्हा आतला कागद पहिल्यांदा वाचला. फिजिक्सच्या पेपरापुढे तुम्ही उशिराची तारीख लिहिली आहे, आणि खाली टाइप केलं आहे की विद्यार्थ्याचे वडील त्या सत्रात दवाखान्यात होते व दुकान विद्यार्थ्याने चालवलं. हे मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं. तुम्ही कुणाला तरी विचारलं असणार, दुकानावर जाऊन विचारलं असणार. त्या ओळीखाली इथल्या कुणीतरी पेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे. तो कोण होता ते आता कुणाला माहीत नाही.

मी इथे तीन जणांच्या तारखा पाहिल्या आणि कुणालाही काही विचारलं नाही. त्यांचे अर्ज नाकारले गेले. एकाचा पत्ता बदललेला आहे, तो शोधतोय. आज तिघांची पत्रं लिहायला घेतली. माझी चूक झाली, हे पहिलं वाक्य लिहून झालं आहे. दुसऱ्या वाक्यात, त्या वर्षांत तुम्ही काय करत होतात, असं विचारलं आहे. उत्तरं आली की तुम्हाला कळवीन.

आपला,
विलास